गुळानं बुजलेले सांधे

मी एक जुनी काहील आहे. मित्रांनो, काहील म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची भली मोठी लोखंडी कढई. तळ सपाट, काठ पसरट, आणि धरायला बाजूंना कड्या. पण मला गुऱ्हाळात शोधायला जाल तर मी सापडणार नाही. मी सोलापूरजवळ हिप्परग्याच्या तलावावर असते, तीही पाण्यात. माझी नाव कशी झाली आणि त्या नावेत एकदा काय घडलं, ते मी तुम्हाला सांगते.

टेंभुर्णीच्या एका लोहारानं पत्र्याला पत्रा जोडून, मध्ये रिबिटांचे खिळे ठोकून मला घडवलं. श्रीपूरकडच्या एका मळ्यात माझं तरुणपण गेलं. खाली चिपाडांचा जाळ, पोटात उकळता रस. गूळ उतरला की पोरं माझ्या काठाची खरवड खायला धावत. मला वाटायचं, आपला जन्म गोड झाला. पुढं सगळा ऊस गाड्या-ट्रॅक्टर भरभरून साखर कारखान्यात जाऊ लागला. गुऱ्हाळ मोडलं. मी गोठ्यामागं पडून राहिले, कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या, आणि एक दिवस मी सोलापूरच्या भंगारबाजारात उभी राहिले.

तिथं मला कोंडीबानं पाहिलं. कोंडीबा जातीचा भोई, तलावाकाठच्या गावचा. मोठ्या दुष्काळात तळाला गेलेलं पाणी नुकतंच परत भरलं होतं आणि त्याची लाकडी होडी तेवढ्या काळात वाळून फुटली होती. त्यानं माझ्या पोटावर टिचक्या मारल्या, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "आवाज चांगला हाय. तरंगंल."

घरी आणल्यावर त्यानं खालून माझ्या सगळ्या सांध्यांना डांबर लावलं. आत गोणपाटाची दुहेरी घडी अंथरली. मासा अंगानंही ऐकतो. लोखंडावर डबा आपटला तरी लांबचा मासा खाली जातो, म्हणून हे गोणपाट. मी गोल, त्यामुळं वल्हं मारलं की भिंगरीसारखी फिरते. त्याला कोंडीबाचा उपाय असा, की काठाशी पुढं बसायचं आणि वल्ह्यानं पाणी आपल्याकडं ओढायचं. थांबायचं असेल तेव्हा दोराला बांधलेला एक दगड उजवीकडून, एक डावीकडून सोडायचा. एकच सोडला तर मी त्याच्याभोवती रिंगण धरते, जशी काही दिंडीतच उभी आहे.

दर रविवारी शहरातून सायकलवर बडेसाब यायचा. त्याचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं आणि मरळ धरायचं वेड होतं. मरळ हा शिकारी मासा. पाणकणसाच्या झुडपात दडून बसतो आणि बेडकी जवळून गेली की झडप घालतो. कोंडीबा आमिषाला कणीक वापरी. कणकेत पिंजलेला कापूस मळायचा, म्हणजे ती गळावर घट्ट बसते, पाण्यात विरघळत नाही. बडेसाबनं मात्र पितळी चमचा कापून, त्याला भोक पाडून, एक चकाकणारी खोटी मासोळी केली होती.

"चमच्याला मासा लागतुय व्हय?" कोंडीबा चिडवायचा. "त्येला काय हुग्गी वाढतूस?" हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची गोड खीर.

"तेरी कणीक खाके मासे मोटे हुए, अब मेरा चमचा देखके शरमाते," बडेसाब म्हणायचा.

दोघांचं भांडण असं चालायचं, पण दोरा बांधताना दोघं एकच रीत पाळायचे. नायलॉनची गाठ आवळण्याआधी जिभेनं ओली करायची, नाहीतर घासून दोरा कच्चा होतो. गळाचं टोक नखावर टेकवायचं. ते घसरलं तर बोथट, रुतलं तर कामाचं. मासा लागला की लगेच हिसका द्यायचा नाही. त्याला आमिष तोंडात वळवू द्यायचं, मग काठी उचलायची. बडेसाबला पोहता येत नव्हतं. पहिल्या दिवशीच त्यानं ते सांगितलं होतं आणि कोंडीबा म्हणाला होता, "काहील माजी हाय. तू निसता बस." त्यानंतर दोघांत तो विषय निघाला नाही.

कोंडीबाला दुसरं वेड कीर्तनाचं. मित्रांनो, ते मलाही लागलं. देऊळ तलावाच्या काठीच आहे. संध्याकाळी मृदंगावर थाप पडली की तो नाद पाण्यावरून सरकत माझ्या पत्र्यात उतरतो. त्या वेळी रिकामी असूनही मी भरल्यासारखी होते. पण कोंडीबा देवळात पार मागं, चपलांशेजारी बसायचा. तो मासे मारणारा; सप्त्याच्या कामात त्याला कुणी हाक मारत नसे.

एका श्रावणात सप्त्याची मोठी कढई तडकली. समाप्तीला सगळ्या गावाची हुग्गी शिजायची होती. खपली गहू, गूळ, खोबरं, सगळा शिधा तयार. स्वयंपाकाचं बघणारे ईश्वरप्पा डोक्याला हात लावून बसले. तेव्हा मागून कोंडीबा म्हणाला, "माजी काहील हाय की."

"अय्यो, मासळीच्या भांड्यात हुग्गी?" ईश्वरप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या.

कीर्तनकार बुवा वीणेची खुंटी पिळत होते. मान वर न करता ते म्हणाले, "ईश्वरप्पा, मासा ज्या पाण्यात नांदतो तेच पाणी तुम्ही सकाळी पिंडीवर घातलंत. काहील घासा, तापवा, देवाचं नाव घ्या."

मग काय! रंभाबाईनं, म्हणजे कोंडीबाच्या बायकोनं, बायांना घेऊन मला चिंच आणि राखेनं घासलं. ईश्वरप्पांनी शुद्धीसाठी मला आधी रिकामीच गोवऱ्यांच्या धगीवर ठेवलं. तेवढ्यात माझ्या बुडाचं सगळं डांबर वितळून राखेत पडलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पाणी, गहू आणि गूळ पडला. सुरुवातीला काही थेंब विस्तवात चुरचुरले, पण पाक घट्ट झाला तसा तो सांध्यांत शिरला आणि तिथंच बसला. गुळाशी माझी जुनी ओळख. तो माझ्या फटीत असा बसला, जसा घरच्या ओट्यावर बसावा.

गाव जेवलं. "काहील म्हणजे काहील हाय, थेंब गळला न्हाय!" असं जो तो म्हणाला. बुवांनी कोंडीबाला हाताला धरून पुढं बसवलं. मित्रांनो, त्या दिवशी मीही जरा फुगले होते.

पुढच्या रविवारी बडेसाब आला. मला पाण्याकडं ढकलताना रंभाबाई म्हणाली, "अवं, बुडाला डांबर लावा की आदी. जाळावर हुती ती."

"अगं, साऱ्या गावाची हुग्गी हिनं धरली, थेंब सोडला न्हाय. पाणी काय हुग्गीपरास पातळ हाय?" कोंडीबा म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. पाणी पातळच असतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

तलावाच्या मध्यापर्यंत मी कोरडी होते. दगड सोडले. बडेसाबनं चमचा पाणकणसाच्या कडेला फेकला, चरखी फिरवली, आणि काठी वाकली. मरळ मोठी होती. ती एकदा पाण्याबाहेर उसळली. दोघांचे डोळे दोऱ्यावर. इकडं थंड पाण्यात माझ्या सांध्यांतला गूळ विरघळत होता. पाणी गोणपाटाखालून गुपचूप चढत होतं, आणि गोणपाट ते पीत होतं.

"कोंडीबा, मेरे पावां कैसे भिगरे रे?"

"मासळीचं पाणी उडलं आसंल. तू दोरा ढिला सोडू नगंस!"

"अरे मासा जाने दे रे! नीचे से पानी आरा!"

कोंडीबानं गोणपाट उचललं. माझ्या तळातून पाण्याचे बारीक झरे उभे राहिले होते. बडेसाबनं क्षणभर काठीकडं पाहिलं आणि खिशातल्या चाकूनं दोरा कापला. मरळ चमचा घेऊन गेली.

मग कोंडीबानं जे केलं ते मी बुडत असतानाही पाहत होते. त्यानं डोक्याचा पटका फाडला, त्यात कापूस मळलेली कणीक गुंडाळली आणि पिळे करून चाकूच्या मुठीनं सांध्यांत ठोकले. दगडांचे दोर तोडले. "डब्यानं पाणी काढ. मधी बस, काठावर रेलू नगंस. माज्याकडं बघ, पाण्याकडं बघू नगंस." बडेसाब दुवा पुटपुटत उपसत होता, कोंडीबा विठ्ठल विठ्ठल करत वल्हं ओढत होता. पिळे सुटत होते, तो टाचेनं दाबत होता. काठाच्या चिखलाजवळ, कमरेइतक्या पाण्यात मी टेकले आणि भरले.

बडेसाब चिखलातून बाहेर गेला. रंभाबाईनं चहा आणला, तो तसाच निवला. सायकल उचलताना तो एवढंच म्हणाला, "मैंने कभी पूछा नहीं था कोंडीबा, नीचे कैसा है. तू बोला बैठ, मैं बैठा."

त्यानंतर तो तलावावर आला नाही. कोंडीबा एकदा शहरात त्याच्या दुकानी जाऊन आला. परतल्यावर रंभाबाईला म्हणाला, "च्या पाजला. पोरांचं सांगितलं, पावसाचं बोलला. तलावाचं नाव काडलं न्हाय." कोंडीबानं मला पुन्हा डांबर लावलं, मासे धरले, पण रविवारी तो मला पाण्यात घालत नसे. सकाळी रस्त्याच्या बाजूला तोंड करून जाळं विणत बसे.

पुढचा श्रावण आला आणि ईश्वरप्पा स्वतः मला न्यायला आले. कोंडीबा म्हणाला, "काहील देत न्हाय. जाळ लागला की ती गळती."

"ती जाळानं गळली न्हाय, तुमच्या आळसानं गळली," रंभाबाई चुलीपाशी बसून म्हणाली. "देवाच्या अन्नावर कशाला घालताय? द्या, आन मागनं तपासा. आन बडेसाबभावजींना जेवायला बोलवा. न्हाय आलं तर न्हाय आलं."

तो आला. हुग्गी खाल्ली, दोनदा मागून घेतली, बुवांचं कीर्तन भिंतीला टेकून ऐकलं. मग सगळ्यांसमोर कोंडीबानं मला धुऊन दगडांवर उंच ठेवलं, गरम पाण्यानं सांध्यांतला गूळ काढला आणि मला काठोकाठ पाण्यानं भरलं. माझ्या बुडातून थेंब निघू लागले. पोरं ओरडली, "काहील रडाय लागली!" कोंडीबा वाकून प्रत्येक थेंबापाशी चुन्याची खूण करत होता.

बडेसाब जवळ आला. स्टोव्हची टाकी तपासावी तसं त्यानं बोट फिरवलं. "ये एक छूटा तेरेसे," तो म्हणाला, आणि चुन्याची डबी मागून घेतली. डांबर दोघांनी मिळून लावलं. ते पुरतं सुकेपर्यंत कुणी मला हात लावला नाही.

मित्रांनो, आता माझा पत्रा पातळ झाला आहे आणि मासेमारी संस्थेनं नव्या होड्या आणल्या आहेत. मला फार दिवस नाहीत. तुमच्या घरात ज्या वस्तूवर कुणाचा तरी जीव बसतो, मग ती शिडी असो, झोपाळ्याची कडी असो की सायकलचा ब्रेक, तिचं कौतुक झालं की त्याच दिवशी तिचे सांधे बघा. कौतुकानं फट बुजल्यासारखी वाटते. ती बुजलेली नसते.

डांबर सुकल्यावरच्या रविवारी बडेसाब नवा चमचा घेऊन माझ्यात बसला. ऊन उतरेपर्यंत आम्ही पाणकणसापाशी होतो. मरळ काही लागली नाही. कोंडीबा सारखा गोणपाट उचलून बघत होता. बडेसाब दोऱ्याकडं पाहत होता. माझ्या तळाकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.