अंगावर काहीही नको

लोह्याच्या शाळेत मी मुलींना कबड्डी शिकवतो. नियम आला की त्यातली फट शोधायची आणि मुलींना दाखवायची, यालाच मी वीस वर्षं डावपेच म्हणत आलो. नखं कापा म्हणाले, आम्ही तिरपी कापली. मैदानावर तेल लावू नका म्हणाले, आम्ही घरूनच चोळून आणलं. पंच नियम आवळत गेले, आम्ही निसटत गेलो. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू?

एक सवलत मात्र चांगली होती. दागिना चालत नसे, पण श्रद्धेची वस्तू पट्टीखाली घट्ट बांधली तर चालायची. आमची शिवानी लिंगायताची, वडिलांचं किराणा दुकान. तिच्या गळ्यातलं इष्टलिंग लहानपणापासून अंगावेगळं झालेलं नव्हतं. त्याच्या चांदीच्या डबीवर मऊ कापड, त्यावर पट्टी, मगच ती मैदानात उतरायची. तिच्यामुळे कुणाला कधी ओरखडाही आला नाही.

मला मात्र त्या पट्टीत फट दिसली. संघातल्याच साक्षीच्या दंडावर मी पत्र्याचा ताईत बांधायला लावला, एक कोपरा बाहेर वाकवून. तिच्या पकडीत सापडलेली मुलगी कळवळायची आणि तिचा दम तिथंच तुटायचा. मुदखेडच्या सामन्यात एकीची पोटरी फाटली, सात टाके पडले. पंचांनी साक्षीची पट्टी सोडली, ताईत वर धरला. मी सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली वाजवली. "हे कुणी शिकवलं तुला?" म्हणून ओरडलो. पोरीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला तीन महिन्यांची बंदी झाली.

विभागाच्या समितीत मीही होतो. नवा नियम लिहायचं काम मी मागून घेतलं. माझ्यावर संशय नको म्हणून कुणाला वाटलं नसतं इतका कडक लिहिला: खेळाचा वेश सोडून अंगावर काहीही नको, कारण कोणतंही असो. लिहिताना शिवानी आठवली नाही, असं मी बायकोला सांगितलं. आठवली होती. पुढचं पुढं बघू, म्हटलं.

पुढचं लातूरला आलं. राज्याच्या संघाची निवड होती. शिवानीच्या वयोगटाचं शेवटचं वर्ष, आणि त्या प्रमाणपत्रावर तिला पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज करायचा होता. तपासणीला पंच आरती मॅडम होत्या. त्यांचा हात शिवानीच्या गळ्याशी थांबला.

"हे काढावं लागेल."

शिवानी माझ्याकडे वळली. "सर, तुमी सांगा ना यांना. यात काय हाय ते तुमाला ठावं हाय."

दोरीपलीकडून तिची आई, नागम्मा, उठून आली. "बाकी काय बी काढा, सर. ते मरंपर्यंत अंगावरून निघत न्हाई. असा नियम लिवला तरी कोनी?"

आरती मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातल्या नियमाच्या कागदाखाली सही माझीच होती.

"वरून आलाय, नागम्माताई," मी म्हणालो. "माझ्या हातात काही नाही."

शिवानीचा हात गळ्याशी गेला. तिनं दोऱ्याची गाठ चाचपली, बराच वेळ. मग हात खाली घेतला, गुडघ्यांवरच्या नी-कॅप काढल्या आणि बंदी संपवून राखीव बसलेल्या साक्षीपुढे धरल्या. "जा तू."

साक्षी मोकळ्या दंडानं खेळली आणि लई भारी खेळली. तिला कधी ताईताची गरजच नव्हती, हे मला तेव्हा दिसलं. संध्याकाळी यादीत तिचं नाव आलं. शिवानीनं टाळ्या वाजवल्या, मग नळावर जाऊन तोंड धुतलं.

नागम्मानं लेकीसाठी आणलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उघडला. पहिला साक्षीला दिला, दुसरा मला.

"खा, सर. तुमी तरी काय करनार? ज्यानं लिवला त्याला पोरींची माया नसंल."

साक्षी लाडू हातात धरून उभी होती. मुदखेडला पाहिलं होतं तसंच तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी मान खाली घातली नाही.

मी लाडू खाल्ला.