अलाइनमेंटच्या रॅम्पवर

चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायला सपनाने गाडी जोगेश्वरीच्या गॅरेजसमोर उभी केली, तेव्हा दोन ठिकाणांहून तिला परत पाठवलं होतं. गाडी इतकी खाली बसवलेली होती की नेहमीच्या रॅम्पवर चढवायला गेलं की पुढचा बंपर घासायचा. "ह्याला आम्ही हात नाही लावत, मॅडम," असं सांगून दोन्हीकडच्या माणसांनी हात झटकले होते.

इथला मालक श्यामकांत मात्र गाडीकडे बघून हसला. त्याने गुडघ्यावर बसून पुढच्या टायरच्या आतून हात फिरवला आणि काळी झालेली बोटं सपनाला दाखवली.

"ताई, आतून तार दिसायला लागलीय. बाहेरून टायर नवा, आतून संपलेला. चाकं वरून आत झुकलीयत ना, म्हणून. अशीच पळवलीत तर एक दिवस हायवेवर फुटेल."

"म्हणूनच आणलीय."

"गाडी तुमची?"

"नवऱ्याची. तो कतारला असतो."

प्रबुद्धने ही काळी सेडान लग्नाआधी जुनी घेतली होती. मग उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग टाकून ती अशी खाली आणली. मित्रांत त्याच्या गाडीचं नाव होतं. कतारला एसीच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा जाताना त्याने चावी सपनाच्या हातात दिली. गाडी उभी राहिली की खराब होते, चालवत जा, पण काही बदलायचं नाही, असं बजावलं. चोरी झाली तर कळावं म्हणून त्याने गाडीत एक छोटं यंत्र बसवून घेतलं होतं. गाडी कुठे आहे, किती वेळ उभी आहे, हे त्याला तिथे बसून मोबाइलवर दिसायचं. पहिले काही महिने सपनाला त्यात त्याची काळजी दिसली. मग एकदा पवईला, ती काम करायची त्या लॅबसमोर, गाडी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली आणि त्याने रात्रभर फोन करून तिला झोपू दिलं नाही.

गाडीत पुढच्या सीटवर सासूबाई, सुंदराबाई बसल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना अंधेरीला व्यायामाला न्यावं लागे. घाटकोपरला परत जाताना सपनाने वाट थोडी वाकडी केली होती.

"आजींना उतरवू नका," श्यामकांत म्हणाला. "अशा गाडीचं काम रिकाम्या गाडीवर करून उपयोग नाही. रोज जेवढं वजन असतं तेवढं आत पाहिजे. तुम्ही दोघी बसून राहा. एसी लावता येणार नाही, काचा उघडा."

सुंदराबाईंना बरंच वाटलं. त्या खोल सीटमधून उठायचं म्हणजे त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

रॅम्पपुढे लाकडी फळ्या लावल्या. त्यांवरून गाडी हळूहळू वर चढली. चाकांना मोजमापाच्या चकत्या लागल्या, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायला दांडा लागला, आणि सगळा रॅम्प त्या दोघींसकट वर गेला. पार माणसाच्या डोक्याएवढा. श्यामकांत खाली शिरला. पान्याचा आवाज यायला लागला.

तेवढ्यात पंखा थांबला. समोरच्या मशीनच्या पडद्यावरचे आकडे गेले.

"काय झालं?" सपनाने वाकून विचारलं.

श्यामकांत बाहेर जाऊन आला. "नाक्यावर रस्ता खणतायत, केबल तोडली. येईल लाइट." मग मान खाजवत म्हणाला, "एक आहे ताई. रॅम्प लॉकवर बसलाय. खाली घ्यायला आधी थोडा वर उचलावा लागतो, तेव्हा लॉक सुटतं. लाइटशिवाय उचलत नाही. पडणार मात्र नाही, घाबरू नका."

दोघी बसून राहिल्या. वर पत्रा तापलेला होता आणि त्या आता पत्र्याच्या जवळ होत्या. सुंदराबाईंनी पदराने वारा घेतला. सपनाने दार थोडं उघडून खाली पाहिलं. रॅम्पची पट्टी चाकापुरतीच होती, तिच्यापलीकडे सरळ फरशी. तिने दार ओढून घेतलं.

मोबाइल वाजला. प्रबुद्धचा. सपनाने तो उचलून कानाला लावला, पण आवाज कानात आला नाही. चावी चालू होती, मोबाइल गाडीला जोडलेला होता, आणि त्याचा आवाज चारही दारांतून आला.

"जोगेश्वरीत काय करतेयस तू?"

सपनाचा हात आवाज बंद करायच्या बटणाकडे गेला. आणि बटणावरच थांबला.

"अलाइनमेंटला आलेय. टायर आतून..."

"कोणाला विचारून?"

"अरे, तार दिसायला लागली होती."

"मी विचारतोय कोणाला विचारून! आईला सोडून तू अशी गावभर फिरतेस? कोण आहे तिथे? व्हिडिओ लाव."

"लाइट गेलीय. गाडी वर आहे. मी..."

"खोटं बोलायला कधी शिकलीस गं? अक्कल नाही तर हात कशाला लावतेस माझ्या गाडीला? त्या माणसाला सांग, पुढे अडीच अंश, मागे तीन, उणे. चाक आतच झुकलेलं पाहिजे, मला गाडी तशीच दिसली पाहिजे. आणि उंचीला हात लागला ना, तर आल्यावर तुझी वाट लावीन. ऐकतेस का? रडतेस की काय? रड. तेवढंच येतं."

फोन कट झाला. सपना रडत नव्हती. तिने शेजारी बघायचं टाळलं. सुंदराबाई मांडीवरच्या पिशवीचे बंद एकमेकांत गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

मग त्या म्हणाल्या, "रोज असाच बोलतो?"

"रोज नाही."

"माझ्याशी तर किती गोड बोलतो."

खाली कुणीतरी चहा मागवला, ग्लासांचा आवाज आला.

"सपना," सुंदराबाई म्हणाल्या, "मी ऐकलं ते त्याला सांगू नकोस. एकटा पडलाय तिकडे. वाईट वाटेल त्याला."

सपनाने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. ह्या चार वर्षांत तिला वाटत आलं होतं की कुणी एकदा ऐकलं पाहिजे, स्वतःच्या कानांनी, म्हणजे पुढे काहीतरी होईल. आता ऐकलं होतं, आणि होणार काहीच नव्हतं. तिने दार सताड उघडलं.

"दादा, मला उतरायचंय!"

श्यामकांत धावत शिडी घेऊन आला. "तुम्ही उतराल, ताई. आजींना मात्र जमणार नाही, त्या पायाने शिडी नको."

सपनाने एक पाय बाहेर टाकला. तिचं मनगट मागून घट्ट धरलं गेलं. सुंदराबाईंची बोटं गार पडली होती.

"मला इथे एकटीला ठेवू नको गं. खाली बघवत नाही मला."

सपना तशीच अर्धी आत, अर्धी बाहेर बसली. मग तिने पाय आत घेतला.

"आई, मी त्याला काही बोलायचं नाही. तुम्ही काही बोलणार नाही. मग मी करू काय, ते तरी सांगा."

सुंदराबाईंनी मनगट सोडलं नाही.

लाइट आली तेव्हा दोघी घामाने भिजल्या होत्या. पंखा फिरायला लागला, पडदा उजळला. श्यामकांतने खालून विचारलं, "ताई, कसं सेट करू? दिसायला की चालवायला?"

"टायर रस्त्यावर सपाट बसला पाहिजे," सपना म्हणाली. मग तिने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. "आणि गाडीची उंची वाढवा. आईंना उतरता येईल एवढी."

"आधी स्प्रिंग, मग सगळं नव्याने मोजावं लागेल. वेळ जाईल."

"जाऊ दे."

वजनासाठी दोघी आतच बसून होत्या. काम अर्धं झालं असेल तेव्हा फोन पुन्हा वाजला. सपनाने तो उचलला आणि ह्या वेळी कानाला लावलाच नाही.

"फोटो कुठाय?" दारांतून आवाज आला. "तुला एकदा सांगून कळत..."

"आई गाडीत आहेत," सपना म्हणाली. "मघापासून आहेत."

पलीकडे कुणाच्या तरी हातातून काही पडल्यासारखा आवाज झाला. मग एकदम दुसराच प्रबुद्ध बोलायला लागला. "आई? जय भीम, आई. गुडघा कसाय? जेवलीस का?"

सुंदराबाईंनी समोरच्या काचेकडे बघितलं.

"बरा आहे गुडघा," त्या म्हणाल्या. "गाडी मी वर घ्यायला लावली. मला उठताना त्रास होतो. सपनाला काही बोलू नकोस."

"नाही गं आई, मी कशाला बोलू? तू म्हणतेस तर ठीकच आहे ना."

फोन ठेवल्यावर सपनाला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचाच राग आला. परवानगी मिळाली होती. तीच परवानगी, फक्त दुसऱ्या तोंडून मागितलेली. सासूबाई खोटं बोलल्या होत्या आणि ते तिच्यासाठी होतं, हेही खरं होतं. आणि तरी त्यांनी "मी ऐकलं" एवढे दोन शब्द उच्चारले नव्हते.

संध्याकाळ होता होता गाडी खाली आली. श्यामकांतने एक फेरी मारून आणली. "स्टिअरिंग सोडलंत तरी सरळ जाते," तो समाधानाने म्हणाला. सुंदराबाई बाकावर बसून पाणी पीत होत्या. सीटवर बसताना त्यांना सपनाच्या हाताचा आधार लागला, पण त्या विव्हळल्या नाहीत.

लिंक रोडला गर्दी होती. पवईला तलावाच्या कडेला गाड्या जागच्या जागी थांबल्या, तेव्हा सपना म्हणाली, "रविवारी मी मुलुंडला जातेय. मानसीताईकडे." मानसी तिची मोठी बहीण.

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"परत येशील ना?"

"ते पण माहीत नाही, आई."

सुंदराबाई बाहेर बघत राहिल्या. "मग मला व्यायामाला कोण नेणार?"

सपनाला वाटलं, आता आपण ओरडणार. पण त्या प्रश्नात दटावणी नव्हती. त्या खरंच विचारत होत्या. त्यांनाही त्या घरातून बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती.

"मी येऊन नेईन," ती म्हणाली. "रिक्षाने. गाडी घरीच ठेवून जाईन."

पुढची गाडी हलली. सपनाने पाय ब्रेकवरून उचलला.

"रविवारी सकाळी नको जाऊस," सुंदराबाई म्हणाल्या. "सकाळी त्याचा फोन येतो मला. तो येऊन जाऊ दे. मी बोलते त्याच्याशी."

"काय बोलाल?"

त्यांनी पदर नीट केला, पुन्हा नीट केला. "ते मला अजून सुचलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तू माझ्या खोलीत थांब. मी स्पीकरवर लावते."