नाकावरचा हिरवा रंग

मित्रांनो, मी चांदीचं एक जुनं रोमन नाणं बोलतोय. जुनं म्हणजे किती, तर तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही मी 'ये बाळ, बस' म्हणावं इतकं. बोलायला मला जरा उशीरच झाला. पण प्लॅस्टिकच्या पाकिटात कोंडून ठेवल्यावर कोण कुणाशी बोलणार?

माझा जन्म दोन ठशांच्या मध्ये झाला. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये मी म्हणजे चांदीची तापलेली चकती, आणि वरून हातोडा. ठोकणारा कारागीर घाईत असावा, कारण माझ्यावरचा सम्राट थोडा कडेला सरकला. त्याचं मागचं डोकं अर्धं उडालं. नाक मात्र पूर्ण उमटलं, लांब आणि ऐटबाज. ज्याच्या हातात मी पडायचो, त्याचा अंगठा आधी त्या नाकावरून फिरायचा.

मी पुष्कळ हिंडलो. भाकरीवाल्याकडून जोडे शिवणाऱ्याकडे, तिथून खाटकाकडे. एका सराफाला शंका आली की मी वरून चांदी आणि आतून तांबं असणार. त्यानं छिन्नी घेऊन माझ्या कडेला खाच पाडली. आत चांदीच निघाली. माफीबिफी कुणी मागितली नाही, पण खाच कायमची राहिली. शेवटी एका सैनिकानं मला मातीच्या बुडकुल्यात घालून पुरलं आणि 'आलोच' म्हणून तो लढाईला गेला. तो अजून यायचाय.

मातीतही मी कोंडलेलाच होतो. पण मातीबद्दल माझी तक्रार नाही. तिनं मला काळं केलं, तरी नाकाला धक्का लावला नाही. कोंडून घालणं म्हणजे खरं काय, ते मला पुढे कळलं.

कित्येक शतकांनी कुणाच्या तरी घराचा पाया खणताना मी वर आलो आणि हिंडत हिंडत एका घड्याळजीच्या दुकानात पोचलो. मोडक्या काट्यांच्या आणि स्प्रिंगांच्या डब्यात त्याला मी सापडलो. त्याला दोन मुलं होती. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकट्याला छोट्या. घड्याळजीचा एक खेळ होता. ताईला तो डोळे मिटायला लावायचा आणि तिच्या मुठीत काहीतरी ठेवून विचारायचा, "सांग, काय आहे?" कधी किल्ली असायची, कधी चाक. मी असलो की तिचा अंगठा नाकावर जायचा, नख खाचेत बसायचं आणि ती लगेच म्हणायची, "नाकवाला." तेच माझं नाव पडलं. ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते.

घड्याळजी गेला. छोट्या मोठा होऊन दातांचा डॉक्टर झाला आणि त्याला नाण्यांचं वेड लागलं. वेडच म्हणायचं, कारण जेवताना वाढलेलं गार व्हायचं आणि हा भिंग घेऊन बसायचा. माझ्यासारखी आणखी कितीतरी रोमन नाणी त्यानं जमवली. मला बरं वाटलं, भावंडं भेटली.

मग त्यानं एक घोळ घातला, आणि असला घोळ दातांचा डॉक्टरच घालू जाणे. माझ्या शेजारचं एक काळसर नाणं त्यानं दात चमकवायच्या पेस्टनं घासलं. नाणं लखलखलं. मोठ्या हौसेनं तो ते इतर संग्राहकांना दाखवायला घेऊन गेला. त्यांनी कपाळावर हात मारला. जुन्या नाण्याचा काळेपणा हाच त्याचा मान, तो घासला की नाणं नुसती चकती उरते. एक जण म्हणाला, "डॉक्टर, कवळी छान झालीय."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून डॉक्टरनं ठरवलं की नाण्यांना आता कुणाचाही हात लागू द्यायचा नाही, स्वतःचासुद्धा. त्यानं मऊ प्लॅस्टिकची पाकिटं आणली, हातमोजे घालून आम्हाला एकेकाला आत सरकवलं, तोंडं चिकटवली आणि जाडजूड अल्बम करून लोखंडी कपाटात ठेवला. नाकापेक्षा मोती जड झाला.

कपाटात अंधार. पाकीट अंगाला चिकटलेलं, कूस बदलायची सोय नाही. उन्हाळ्यात लोखंड तापलं की प्लॅस्टिकला घाम फुटायचा आणि तो माझ्या अंगावर साचायचा. हळूहळू त्याचा हिरवा, चिकट थर झाला. तो मला खाऊ लागला. मी ओरडत होतो, पण नाण्याचा आवाज आपटल्याशिवाय येत नाही, आणि आपटायला जागाच नव्हती.

मधूनमधून अल्बम उघडायचा. डॉक्टर प्लॅस्टिकवरूनच भिंग धरायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, "बघा, काय रंग चढलाय. घाई केली असती तर आला असता का?" पाहुणे माना डोलवायचे. अहो, माझं नाक कुरतडलं जात होतं आणि हे त्याचं कौतुक करत होते. इतका राग मला छिन्नीचाही आला नव्हता.

याच काळात ताईची दृष्टी गेली. ती भावाकडेच राहायची. एकदा ती म्हणाली, "छोट्या, नाकवाला दे ना जरा हातात. बाबांचा खेळ आठवतो."

"ताई, हाताला घाम असतो गं. खराब होईल तो."

पुन्हा काही दिवसांनी तिनं मागितलं, त्यानं पुन्हा टाळलं. आत माझा जीव टांगणीला लागला होता. तिला मी फक्त बोटांनीच दिसणार होतो, आणि बोटांना दिसण्याजोगं माझ्यावर जे होतं ते रोज थोडं थोडं जात होतं.

मग ताईचं दुसऱ्या शहरात लेकीकडे कायमचं राहायला जायचं ठरलं. निघायच्या सकाळी सामान दाराशी लागलं, तेव्हा डॉक्टरला राहवलं नाही. त्यानं अल्बम आणला, माझं पाकीट काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. "वरूनच बघ हं," तो म्हणाला.

ताईनं पाकीट नाकाशी नेलं. "याला कसला वास येतोय रे?" आणि त्यानं थांबवायच्या आत तिनं नखानं पाकिटाचं तोंड उकलून आत अंगठा घातला. अंगठा बाहेर आला तो हिरवा होऊन.

डॉक्टर त्या अंगठ्याकडे बघत राहिला. वयानं चढलेला रंग बोटाला लागत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो धावत दवाखान्यात गेला आणि ॲसिटोनची बाटली घेऊन आला. पेस्ट नाही, ब्रश नाही, मला त्यानं नुसतं वाटीत भिजवलं. हिरवा चिकटा सुटत गेला. किती काळानं माझ्या अंगाला हवा लागली म्हणून सांगू. मला पुसून त्यानं स्वतःच्या उघड्या बोटांनी ताईच्या मुठीत ठेवलं.

तिचा अंगठा सवयीनं फिरला. मग परत फिरला. "छोट्या, नाक कुठंय याचं?"

नाकाच्या जागी नुसते खड्डे होते. डॉक्टर खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. "तुला दिलं असतं तर झिजलं असतं म्हणून नाही दिलं गं."

"झिजलं असतं," ताई म्हणाली, "पण आपल्या हातात झिजलं असतं ना." तोवर तिचं नख कडेला चाचपत होतं. ते खाचेत बसलं आणि तिचा चेहरा निवळला. "आहे. नाकवालाच आहे."

डॉक्टरनं मला परत मागितलं नाही. ताई मला मुठीत घेऊनच गाडीत बसली. मागं घरात तो उरलेली पाकिटं एकेक करून कापत असणार, अशी माझी आशा आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात जिवापाड जपून, गुंडाळून, कुलपात ठेवलेलं काहीतरी असेल. ते मागणारंही घरात कुणी असेल. आजच बाहेर काढा आणि त्यांच्या हातात द्या, त्याचं नाक शाबूत आहे तोवर.