कोट ओळखायचा नाही

शनिवारी सकाळी ठकीचा कोट सिनेगॉगच्या अंगणातून माझ्यासमोर दुडूदुडू धावत गेला, आणि त्याच्या आत ठकी नव्हती.

ठकी माझ्या कडेवर होती, बेंबीपर्यंत येणाऱ्या जुन्या स्वेटरात. तिने बोट दाखवलं आणि म्हणाली, "माझा." मी तिचं गार बोट मुठीत धरलं आणि तिला झाडावरचा पक्षी दाखवला. झाडावर पक्षी नव्हता. तरी ती बघत राहिली, कारण अजून तरी आई म्हणेल ते तिला खरं वाटतं.

मला तो कोट ओळखायची परवानगी नव्हती. आमच्याकडे तसा नियमच आहे.

सिनेगॉगच्या मागे, नळाच्या पलीकडे एक लहानशी खोली आहे. तिला आम्ही नुसतं 'खोली' म्हणतो. आमच्या प्रत्येक घरात दाराच्या खुंटीला एक करडी पिशवी असते, सगळ्यांची अगदी सारखी. गुरुवारी दुपारी ती घेऊन एकेकट्याने खोलीत जायचं. ज्याला द्यायचं असेल त्याने पिशवीतली वस्तू आत ठेवायची आणि टोपलीतल्या चिंध्या पिशवीत कोंबून बाहेर यायचं. ज्याला घ्यायचं असेल त्याने घरूनच चिंध्या भरून आणायच्या, त्या टोपलीत टाकायच्या आणि हवी ती वस्तू घ्यायची. जातानाही पिशवी फुगलेली, येतानाही फुगलेली. कोण देऊन आलं आणि कोण घेऊन आलं, ते देवाला ठाऊक. किल्लीवाले काका दाराशी खुर्ची टाकून बसतात, तेसुद्धा भिंतीकडे तोंड करून.

याला आम्ही त्सदाका म्हणतो. दान म्हटलं तर चालेल, पण त्या शब्दात दयेपेक्षा न्याय जास्त आहे. ज्याचं आहे ते त्याला पोचवायचं, उपकार करायचा नाही. आमच्या एका जुन्या आचार्यांनी देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्यात. सगळ्यात खाली कुरकुरत देणारा. वरून दुसरी आमच्या खोलीची पायरी, जिथे देणाऱ्याला घेणारा ठाऊक नसतो आणि घेणाऱ्याला देणारा. म्हणून खोलीतली वस्तू कोणाच्या अंगावर दिसली तरी ती ओळखायची नाही. आणि घेणारा उठून दिसू नये म्हणून, ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांनीही अधूनमधून काहीतरी घ्यायचं, मग पुढे कधीतरी परत आणून ठेवायचं.

हे सगळं ऐकायला फार सुरेख आहे. आपलं मूल स्वेटरात कुडकुडत नसेल तर.

माझा नवरा युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कापणीचा मास्तर होता. कारखाना बंद पडला तेव्हापासून तो घरी आहे. स्वस्थ बसवत नाही म्हणून इस्त्री करत असतो. आमच्या घरात ठकीच्या लंगोटांनासुद्धा कडक घड्या आहेत. खोलीत जा म्हटलं तर म्हणायचा, मी अजून देणाऱ्यांतला आहे. म्हणून मी जात होते. त्याला सांगत नव्हते.

कोट मला तिथेच मिळाला. जाड लोकर, गडद हिरवा, बाह्या ठकीच्या गुडघ्यापर्यंत. घरी सांगितलं की ताईने पाठवलाय. नवऱ्याने तो उलटा करून शिवणी बघितल्या, नाक मुरडलं आणि कामाला बसला. बाहीच्या आतून त्याने लपवलेल्या घड्या घातल्या. ठकी वाढली की एक धागा ओढायचा, एक घडी सुटणार, बाही बोटभर लांब होणार. पुढच्या वर्षी दुसरी. खिशाला त्याने स्वतःच्या जुन्या चौकड्याच्या शर्टाचं अस्तर लावलं. शिवताना तो शीळ घालत होता. ती शीळ मी किती दिवसांनी ऐकत होते. मी स्वयंपाकघरात उगाचच भांडी सावकाश घासली, ती थांबू नये म्हणून.

आणि मग कोट नाहीसा झाला.

पलंगाखाली, कपाटामागे, धुण्यात, सगळीकडे शोधला. सासूबाई शेजारी बसून शांतपणे भाजी निवडत होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, असेल कुठेतरी, मिळेल. शनिवारी अंगणात तो दुसऱ्याच मुलीच्या अंगावर बघितला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाईंचं एक जुनं व्रत आहे. घरात काही चांगलं आलं की काहीतरी चांगलं बाहेर गेलं पाहिजे. जो घेतो त्यानेही द्यायचंच असतं, असं त्या नेहमी म्हणतात, आणि तसं ते शास्त्रात आहेही. शिवाय देताना आपल्याला थोडं टोचलं पाहिजे. त्या देऊन आल्या, आणि दिलेल्याची वाच्यता केली की त्यातलं पुण्य उतरतं म्हणून तोंडातून अक्षर काढलं नाही. टोचलं मात्र ठकीला.

आता तो कोट ज्या मुलीच्या अंगावर होता ती कोण, तर पडदेवालीची नात. पडदेवालीचा म्हणजे अख्खा कारखाना आहे, मोठमोठ्या हॉटेलांचे पडदे शिवतात तिच्याकडे. नियमाप्रमाणे अधूनमधून काहीतरी घ्यायचं म्हणून तिने घेतलं आणि नेमकं हेच घेतलं. मला हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात तिने नातीला जवळ ओढलं, बाही उलटी केली आणि अंगणातल्या बायकांना दाखवत म्हणाली, "ही बाही ज्याने केली त्याच्या हातांना देव सुखी ठेवो. पुढचं आज बोलत नाही, शब्बाथ आहे."

पुढचं काय ते सगळ्यांना माहीत होतं. तिचा कापणीवाला लेकाकडे राहायला गेला होता आणि तिची निम्मी टेबलं रिकामी होती. पण शब्बाथला, आमच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, कामाधंद्याचं बोलायचं नाही, म्हणून ती बोलली नाही. खोलीतल्या वस्तूचा मालक विचारायचा नाही, म्हणून तिने विचारलं नाही. ओळखायचं नाही, म्हणून मी ओळखलं नाही. आम्ही दोघी नळापाशी एकमेकींकडे बघत उभ्या होतो, दोघींना जे हवं होतं ते दोघींच्या मध्ये हिरव्या कोटात उड्या मारत होतं, आणि आम्ही हवापाण्यावर बोललो. गारठा वाढलाय नाही? हो ना. त्या क्षणी त्या आठही पायऱ्या मला हातोडा घेऊन फोडाव्याशा वाटल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकी झोपल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. तो चादरीला इस्त्री करत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग विषय संपला.

"संपला कसा? तिला माणूस हवाय, तुला काम हवंय."

"जिला दिलं तिच्याच दारात जाऊन काम मागू? मग ते देणं कुठलं? नमुना दाखवणं झालं."

मी त्याला म्हटलं, अरे, सगळ्यात वरची पायरी कुठली ते तरी आठव. माणसाला असं काम द्यायचं की पुन्हा त्याला कोणाकडे बघावं लागू नये. ती बाई त्या पायरीवर पाय ठेवायला तयार आहे, आणि तू तिला खालच्या पायरीवर अडवून धरलंयस. त्यावर तो म्हणाला की तू वकील व्हायला हवी होतीस, आणि चादर उलटली. मला त्याच्या पाठीचा इतका राग आला. शहाण्या, सज्जन, उपाशी पाठीचा.

"आपण दिलेलाच नाही तो कोट," मी म्हटलं. "आपला नव्हताच. ताईने नव्हता पाठवला. मी खोलीतून आणला होता."

त्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"आणखी काय काय?"

"ठकीचं दूध गरम करायचं पातेलं," मी म्हटलं. "आणि तुझे मोजे."

त्याने खाली बघितलं. मोजे त्याच्या पायात होते. त्याने ते काढले नाहीत, पण पाय एकमेकांवर असे ठेवले की जणू ते झाकायचे होते, आणि मला वाटलं, मी बोलले नसते तर बरं झालं असतं. मग लगेच वाटलं, नाही, बरं झालं. मग पुन्हा पहिलं.

दारात सासूबाई उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. मुलाकडे न बघता त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे मी खोलीचीच वस्तू खोलीला दिली?" त्या म्हणाल्या. "माझं देणं फुकटच गेलं म्हणायचं."

"आई, तुमचं देणं गेलं आणि माझ्या पोरीचा कोट गेला."

"कोटाचं काय एवढं. मला आता दुसरं काहीतरी द्यावं लागेल."

मी ठकीजवळ जाऊन पडले. ती झोपेत दोन्ही हात डोक्यावर घेऊन, सगळ्या जगाला शरण गेल्यासारखी झोपते. तिच्या मनगटांना नाक लावून मी पडून राहिले. तिला दुधाचा आणि साबणाचा वास येत होता. तिच्या बापाला मी मोज्यांवरून उघडं पाडलं होतं आणि हातात काहीच आलं नव्हतं.

पुढे तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. मीठ दे. ठकीला घे. ते मोजे त्याने धुऊन, इस्त्री करून माझ्या उशीवर ठेवले. ते फेकावेत की जपून ठेवावेत हे मला कळेना, म्हणून तिथेच ठेवले आणि त्यांच्यावरच डोकं टेकवून झोपले.

एका सकाळी ठकीला भरवता भरवता मी सासूबाईंना सहज सांगत होते की पडदेवाली भर अंगणात बाही कशी ओढून ओढून बघत होती. नवरा आरशापाशी दाढी करत होता.

"कुठून ओढत होती?" त्याने विचारलं.

"मनगटाकडून."

त्याचा हात थांबला. "धागा मनगटाकडून ओढला तर सगळ्या घड्या एकदम सुटतील. काखेकडून ओढायचा असतो."

मी म्हटलं, मला काय माहीत, मी काय सांगणार तिला, मला तर तो कोट ओळखायचाही नाही.

"वाट लावेल ती बाहीची," तो म्हणाला. अर्ध्या गालावर फेस तसाच. मग तो गाल त्याने इतक्या घाईने खरवडला की हनुवटीवर कापलं. शर्ट चढवला, माझ्या उशीवरचे मोजे घेतले आणि पायात घातले.

"काम मागायला चाललो नाहीये," दारातून तो म्हणाला. "धागा कुठला ते सांगायला चाललोय."

मी तोंड उघडलं आणि ठकीच्या वाटीतला घास स्वतःच्याच तोंडात टाकला. त्याशिवाय मी गप्प राहिले नसते.

तो संध्याकाळी आला, तो चिडूनच. मला आनंदसुद्धा धड करू देईना. तिथे काय झालं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. दोघांनीही म्हणे नियम मोडला नाही. त्याने सांगितलं की समजा कोणाचा तरी एक कोट असेल आणि त्याच्या बाहीत अशा घड्या असतील, तर धागा काखेकडून ओढावा. ती म्हणाली, कोणाचा का असेना, चांगलं झालं सांगितलंत. मग तिने रिकाम्या टेबलावर कापड पसरलं आणि काहीही न विचारता कात्री त्याच्यासमोर ठेवली. त्याने कापड बघितलं, कात्री बघितली, आणि कापायला लागला. उद्यापासून रोज जायचं ठरलं, तेही बहुतेक कोणी न बोलताच.

"सरळ कापायचं, सरळ शिवायचं," तो जेवताना कुरकुरत होता. "पडद्याला बगल नसते. त्यात कसलं आलंय डोकं?"

मी त्याच्या ताटात वाढत राहिले. देण्याच्या खालच्या पायरीवर कुरकुरत देणारा असतो. कुरकुरत घेणाऱ्याला कुठली पायरी, ते आचार्यांनी सांगून ठेवलेलं नाही. पण त्याच्या हनुवटीवरच्या कापल्याच्या खुणेकडे बघून मला वाटलं, त्याला जवळ घ्यावं. समोर सासूबाई होत्या, म्हणून मी त्याला आणखी भाजी वाढली.

गुरुवारी मी पिशवीत चिंध्या भरून खोलीत गेले. कोट तिथल्या खुंटीवर होता. बाह्यांच्या घड्या शाबूत, खिशाचं चौकड्याचं अस्तर बाहेर डोकावत असलेलं. बाहेर येताना किल्लीवाले काका भिंतीकडे बघत म्हणाले की यंदा गारठा लवकर आला. मी म्हटलं, हो ना काका.

शनिवारी पडदेवालीने ठकीला अंगणात बघितलं. तिने खाली वाकून, जन्मात पहिल्यांदाच बघतेय अशा डोळ्यांनी कोटाकडे बघितलं.

"अगंबाई, नवा कोट! कोणाचा गं?"

"माझा," ठकी म्हणाली.

आता पुन्हा गुरुवार आलाय. घरात चांगली वस्तू आली आहे, म्हणजे काहीतरी चांगलं बाहेर जायला हवं. सकाळपासून सासूबाई करडी पिशवी हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरतायत, कपाट उघडतायत, मिटतायत. आम्ही खिडकीजवळ बसलोय. ठकीचे गाल घामाने लाल झालेत, पण कोटाची सगळी बटणं मी गळ्यापर्यंत लावली आहेत, आणि काका खोलीला कुलूप लावेपर्यंत काढणार नाही.