ओरेस्तेची उलटी खूण

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा, की एका भांडणातले खरे काय ते फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. सगळे तुमच्याकडेच बोट दाखवत आहेत, आणि तुम्हाला तोंड नाही. माझी अगदी तशीच गत झाली होती.

मी एक जुनी गुणवही आहे. उसाच्या चिपाडापासून केलेल्या पिवळट कागदाची. क्यूबातल्या सांता रोसालिया गावी फेर्मिन आजोबांनी मला विकत आणले आणि पट्टी धरून माझ्या पानापानावर चौकटी आखल्या. एका फलंदाजाच्या एका खेळीला एक चौकट. बेसबॉलचा प्रत्येक सामना आजोबा रेडिओवर ऐकायचे आणि माझ्यात टिपून ठेवायचे. मी त्यांची नववी वही. माझ्याआधीच्या आठही त्यांच्या कपाटात आहेत.

गावच्या बागेत, मोठ्या झाडाखालच्या दगडी टेबलाशी, रोज कट्टा भरतो. कोण चांगला, कोण कुचकामी, कर्णधार बदलावा की प्रशिक्षक, यावर माणसे इतकी तावातावाने बोलतात की नवख्याला वाटावे, आता मारामारी होणार. आवाज फारच चढले की कोणीतरी म्हणते, "वही आणा!" मग मी येते, माझे पान उघडते आणि सगळे गप्प होतात. ते दिवस माझ्या मानाचे होते.

पण कट्ट्याचा एक कडक नियम होता. ज्याला चौकट दिसेनाशी होईल, त्याने पेन्सिल खाली ठेवायची. आजोबांच्या आधीच्या वहीवाल्याला कट्ट्यानेच घरी बसवले होते. तो पुन्हा बागेत फिरकला नाही. आणि मित्रांनो, फेर्मिन आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ते रेडिओ ऐकून सांगत आणि त्यांची नात यानारा माझ्यात लिहीत असे. आठ वर्षांची पोर, पण अक्षर हुबेहूब आजोबांसारखे काढायची. ही गोष्ट तिघांनाच माहीत होती. ती दोघे आणि मी.

आता ती खूण कशी असते ते सांगते. फलंदाज तीन चेंडू हुकवून बाद झाला की त्याला आमच्याकडे 'पोंचे' म्हणतात आणि चौकटीत इंग्रजी 'के' काढतात. सरळ 'के' म्हणजे त्याने शेवटच्या चेंडूवर बॅट फिरवली, पण चेंडू लागला नाही. उलटा 'के' म्हणजे तो बॅट खांद्यावर ठेवून चेंडू नुसता बघत राहिला. पहिल्याला लोक सुस्कारा टाकतात. दुसऱ्याला शिव्या देतात.

गेल्या वर्षी उपांत्य फेरीचा शेवटचा सामना आमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या, बंदरवाल्यांच्या गावी होता. आम्ही एका धावेने मागे, शेवटचा डाव, दोन बाद, आणि फलंदाजीला आमचा ओरेस्ते. भर दुपारी, नेमकी तेव्हाच, गावातली वीज गेली. सगळे दूरदर्शन संच बंद! आजोबांच्या रेडिओला तेवढे सेल होते. खोलीत अंधारले म्हणून आजोबांनी मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि रेडिओ कानाला लावला. खिडकी त्यांनीच अडवली, म्हणून यानारा घाईने अंगणात धावली आणि खिडकीच्या पलीकडून माझ्यावर वाकली.

"पोंचे!" आजोबा म्हणाले. "फिरवली रे त्याने, पण चेंडू हुकला!"

तिने लिहिले. सामना संपला. आजोबांनी मला मिटले.

आमच्याकडे एक रीत आहे. हरलेल्या संघातले चांगले गडी जिंकलेला संघ अंतिम फेरीपुरते उसने घेतो. बंदरवाल्यांनी ओरेस्तेला घेतले. त्यांच्या सदऱ्यात तो अंतिम सामना खेळला, जिंकला आणि पदक घेऊन गावी परतला. तिथेच संशयाची पाल चुकचुकली.

यंदाची बाद फेरी तोंडावर आली, तेव्हा निवृत्त पोस्टमन बाल्दोमेरोने ती पाल सगळ्यांच्या कानाशी नेली. "मला सांगा, हरूनही पदक मिळणार हे आधीच ठाऊक असेल, तर माणूस बॅट कशाला फिरवेल?"

"बंदरवाले म्हणतात फिरवली," घोडागाडीवाला रिगो म्हणाला.

"बंदरवाले! ते तर म्हणणारच. त्यांचा लाडका जावईच जणू तो आता! वही आणा!"

मी आले. आजोबा नातीच्या खांद्यावर हात ठेवून एका बाजूला बसले, बाल्दोमेरो समोर. त्याने मला आपल्याकडे ओढून पान उघडले. चौकटीत उलटा 'के' होता.

शेजारीच ओरेस्तेची आई निएवेस थर्मासातून कॉफी विकत होती. तिने भरता कप तसाच खाली ठेवला.

"शनिवारी तो खेळायला उतरला, की सगळ्यांनी पाठ फिरवायची," बाल्दोमेरोने जाहीर केले. "अख्ख्या मैदानाने. बघू दे त्याला आमच्या पाठी."

"माझा मुलगा खोटं बोलत नाही, बाल्दोमेरो," निएवेस म्हणाली. "त्याने फिरवली होती."

"आई आहेस तू. तू काय वेगळं सांगणार?"

आजोबा हळूच म्हणाले, "मलाही फिरवल्याचं ऐकल्यासारखं वाटतं. पण मला हल्ली चष्मा कुठे ठेवला तेही आठवत नाही. वही म्हणते ते खरं."

रिगोने मान वाकवून माझ्यात नाक खुपसले. "थांबा, थांबा. शेजारी गोलात ही खूण कसली? कितवा गडी बाद, तो आकडा असतो तिथे. हा आकडाच नाही!" मग त्याने आजोबांकडे पाहिले. "आणि फेर्मिन, ओरेस्तेच्या बापाशी तुमचं किती वर्षं वाकडं होतं? मागाहून बसून पान रंगवलं तर नाहीत ना?"

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच भीती वाटली. दहा जोडी डोळे माझ्यावर खिळले. कोणी मला उजेडात धरले, कोणी खोडल्याची खूण शोधत बोट घासले, कोणी चक्क वास घेतला. सकाळपर्यंत माझा शब्द शेवटचा होता. आता माझे प्रत्येक पान चोर ठरले. आजोबांचा चेहरा राखेसारखा झाला.

माझे एवढेच मागणे आहे. वहीला चुरगाळू नका, तिच्यावर कॉफी सांडू नका, हे तर खरेच. पण एखाद्यावर ठपका ठेवण्याआधी, ते पान लिहिणारा कुठे उभा होता, हेही एकदा विचारा.

कारण तेव्हाच यानाराने टेबलाच्या आपल्या बाजूने माझ्याकडे पाहिले आणि पटकन बोलून गेली, "पण तो तर सरळच आहे!"

"काय सरळ आहे, पोरी?" बाल्दोमेरो हसला. "शाळेत जातेस ना?"

यानाराला वीज गेलेली ती दुपार आणि ती खिडकी आठवली असावी. तिच्या खांद्यावरचा आजोबांचा हात घट्ट झाला, कारण त्यांनाही उमगले होते. एक शब्द बोलली, तर ओरेस्ते सुटेल, पण पेन्सिल कोणाच्या हातात होती तेही सगळ्यांना कळेल. नाही बोलली, तर शनिवारी पाठी फिरतील.

तिने वर पाहिले. आजोबांचे धुरकट डोळे तिच्याकडेच होते, तिला शोधत होते. मग त्यांचा हात तिच्या खांद्यावरून आपणहून उचलला गेला.

यानाराने त्यांच्या खिशातली पेन्सिल काढली. जागची न हलता, खालच्या रिकाम्या चौकटीत तिने एक 'के' काढला आणि शेजारी गोलात तीनचा आकडा. बाल्दोमेरोच्या बाजूने पाहिले, तर वरची खूण आणि खालची खूण जुळ्या बहिणी होत्या. रिगोने दोन्ही गोलांवरून बोट फिरवले.

मग तिने दोन्ही तळवे माझ्यावर ठेवले आणि मला सावकाश, अर्धे वर्तुळ, बाल्दोमेरोकडे फिरवले. आता त्याच्यासमोर दोन्ही 'के' सरळ उभे होते.

आणि पेन्सिल टेबलावर न ठेवता, आजोबांच्या खिशात परत खोचली.