कोपऱ्यातली बाई

मथुरेला बाहेरची बाधा झालीय, हे आधी सगळ्या वाडीला कळलं आणि शेवटी मथुरेला. तिला ते इतक्या जणींनी सांगितलं, की बिचारीला ते पटलंसुद्धा.

मंडणगडच्या डोंगरात तिचं घर. नवरा दादू मुंबईला गिरणीत, घरात सासू तुळसा आणि ही. पहिलंच बाळंतपण. बाळंतिणीची खोली म्हणजे घराच्या पोटातली कोंदट कोठडी. खिडकी नाही, दार ओढलेलं आणि शेगडीत ओव्याची धुरी. वारा लागला की बाळंतीण हातची जाते, असं शहाण्यांचं मत. हे शहाणे स्वतः मात्र पडवीत वाऱ्यालाच बसायचे! आत पोर रडायचं आणि मथुरेचा हात उठायचा नाही. समोरच्या कोपऱ्यात, धुराआड, तिला एक बाई दिसायची. केस सोडून उकिडवी बसलेली. एकदा मथुरा किंचाळली. तेव्हापासून वाडीतल्या बाया दाराशी यायच्या, तोंडाला पदर लावून डोकवायच्या आणि आल्या पावली पळायच्या. जिच्याकडे सगळे भुतासारखं बघतात, तिनं माणसासारखं वागावं तरी कसं?

भगतानं मथुरेच्या गळ्यात बांधायला काळा दोरा दिला. पण तुळसा नुसत्या दोऱ्यावर विसंबणारी नव्हती. बुरोंडीला दिलेल्या आपल्या लेकीला, सगुणेला, तिनं निरोप धाडला, "तुज्या अंगावर दूध हाय. येऊन ह्या पोराला घेऊन जा." मथुरेनं ते दाराआडून ऐकलं आणि तिचं काळीज चरकलं. बाळंत झाल्यापासून तिला पोराबद्दल पहिल्यांदाच काहीतरी वाटलं होतं.

तेवढ्यात घराची शाकारणी निघाली. जुनं गवत उतरवायला गडी आले, मग बाळंतिणीला ठेवायचं कुठं? तुळसेनं नाइलाजानं तिला काजूच्या बागेतल्या मांगरात ठेवलं. मांगर म्हणजे चार खांब, एका बाजूला कूड आणि वर पेंढा. सोबतीला गोठ्यातली एक पाडी.

मथुरा आधी कोपराच शोधू लागली. पण तिथं कोपराच नव्हता! चहूकडून वारा, आणि खाली दूरवर बाणकोटची खाडी उन्हात चमकत होती.

दुसऱ्या दिवशी मासळीची पाटी घेऊन हफीजा त्या वाटेनं आली. तिला बाधेबिधेचं काय ठाऊक! ती सरळ आत येऊन टेकली आणि मथुरेच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बाय, पानी दे. नि ह्या पोराला असा का गुंडाळलायस? सोड, जरा हातपाय हलवू दे."

मथुरेनं पाणी दिलं, पोराला सोडलं. ते पाय झाडायला लागलं तशा दोघी हसल्या. हफीजा गेल्यावर मथुरेच्या ध्यानात आलं, की आपण हसलो. तेव्हाच तिनं मनाशी गाठ मारली. पोर द्यायचं नाही, आणि त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

भीती काय एका दिवसात जाते? अधूनमधून छाती धडधडायचीच. मग ती उठून काजू वेचायला लागायची. पोराला तेल चोळून कोवळ्या उन्हात ठेवायची. पाजताना भगताचा दोरा पोराच्या गालाला टोचायचा. तो काढून तिनं पाडीच्या गळ्यात बांधला. तिच्या घंटेची दोरी तुटलीच होती.

शाकारणी आटोपत आली आणि तुळसा सगुणेला घेऊन मांगरात आली. मथुरा पोराला पाजत होती.

"बग गो सगुणे, दोऱ्याचा गुण!" तुळसा हरखली.

"दोरा पाडीच्या गळ्यात हाय, आये. बाधा तिचीच गेली आसंल."

सगुणा फिसकन हसली. तुळसा नाही हसली. "पुरे झाला. चल, खोलीत चल."

"त्या खोलीत मी येनार नाय. आदी भिंतीला खिडकी पाडा. नायतर मी हितंच ऱ्हाईन, नि पोर बी माज्याजवळच ऱ्हाईल."

"वारा लागंल! लोक माज्या तोंडात शेन घालतील!"

"घालू देत. त्या कोपऱ्यात एक बाई बसते, आये. केस सोडून. तिच्यासंगट मी नाय ऱ्हानार."

तुळसेचा चेहरा उतरला. "डावीकडं? गुडघ्यात मान घालून?"

"तुमाला कसा ठावं?"

तुळसा खांबाला टेकून बसली. लेकीलासुद्धा कधी न सांगितलेलं ती बोलली, "दादूच्या आदी मला येक पोर हुता. मला बी ती बाई दिसायची. मी पोराकडं बगायची नाय. मंग सासूनं त्याला नंदेकडं धाडला. तिकडंच ग्येला. इतकी वर्सा मी म्हनत आले, माज्याच बाधेनं खाल्ला त्याला."

 मग तुळसा उठली आणि तरातरा घराकडे निघाली. गडी जेवत होते. त्यांची पहार उचलून ती थेट त्या खोलीत शिरली. मागोमाग पोराला घेऊन मथुरा नि सगुणा दाराशी येऊन थांबल्या. भिंत मातीची, म्हातारीनं दात-ओठ खाऊन घाव घातले आणि भोक पडलं. ऊन आत आलं ते नेमकं कोपऱ्यावर.

तिथं ओल फुटली होती आणि तिच्यावर शेगडीची काजळी बसली होती. दर साली सारवलं तरी ओल पुन्हा तिथंच यायची. तुळसेनं तळवा फिरवला. बाईचं डोकं पुसलं गेलं.

"येवडीच हुती?" काळ्या हाताकडे बघत ती म्हणाली. "हिच्यापायी मी माजा पोर दिला?"

ती तिथंच बसून हुंदके देऊन रडली. मथुरेनं आत येऊन पोर सासूच्या मांडीवर ठेवलं. तुळसेनं मनगटानं डोळे पुसले, त्या उजेडात पोराला नीट न्याहाळलं, आणि दाराशी उभ्या सगुणेला म्हणाली, "तू जेवून बुरोंडीला जा, बाय. नि जाताना गड्यांना सांग, भोक ल्हान झालाय. आनी वाडवा म्हनावा."