टेबलावरचा भोंगा

शिपायाने चादरीत काय आहे असं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले नाही. म्हटलं, बाबांचं काम आहे. त्याला वाटलं मी कागदपत्रांबद्दल बोलतेय. इतकी जड कागदपत्रं कुणाची असतात याचा विचार करण्याइतका तो कामसू नव्हता. आम्हाला बाकावर बसवून तो चहाला निघून गेला.

चादर आईची होती, त्यातही चांगली. सकाळी बाबा भोंगा गोणपाटात गुंडाळत होते, तर तिने गोणपाट हिसकावून घेतलं. "भांडायलाच निघालाय तर निदान नीट जा," म्हणाली आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली चादर काढून तिची अशी घट्ट गाठ मारून दिली की बाबांनाही कौतुक वाटलं. आदल्या दिवसापर्यंत ती या सगळ्याच्या विरोधात होती. कान थोडेच परत येणार आहेत, हे तिचं म्हणणं, आणि ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही.

माझे बाबा अग्निशमन दलाच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री होते. बंबाच्या टपावरचे फिरते लाल दिवे, पुढची उजळणारी पाटी, घंटा, सगळं त्यांच्याकडे दुरुस्तीला यायचं, पण त्यांचा जीव भोंग्यात. हाताने फिरवायचे ते जुने भोंगे आता कुणी वापरत नाही. हँडल फिरवलं की पोटातला पंखा फिरतो, खाचांमधून हवा कापली जाते आणि आवाज चढत जातो. पंख्याच्या बेअरिंगमध्ये जराशी खरखर राहिली तर भोंगा ऐन वेळी अडकणार आणि बंब चौकात खोळंबणार. ती खरखर नुसत्या कानाला कळत नाही. म्हणून बाबा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक भोंग्याच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडावर दाबायचे आणि दुसऱ्या हाताने हँडल फिरवायचे. तेही दारं-खिडक्या लावून. कारण दलात एक शिस्त होती, आग नसताना भोंगा बाहेर ऐकू जाता कामा नये, लोक उगाच घाबरतात. तेव्हा लोकांना त्रास नको म्हणून आवाज आत कोंडायचा, आणि त्याच्याबरोबर बाबांनाही.

आधी स्क्रूड्रायव्हरचा कान गेला, मग दुसरा. मी तेव्हा शाळेत होते. पुढे कधीतरी दलात विजेवरचे नवे भोंगे आले, तेव्हा बाबा बहिरे आहेत म्हणून कुणाचं फारसं अडलंही नाही.

घरात मात्र गुपित नावाची गोष्टच उरली नाही. आई बाबांना काही सांगायला लागली की शेजारच्या काकू त्यांच्या ओट्यावरून सल्ला देतात. दारावरची बेल ऐकू येत नाही म्हणून बाबांनी भंगारात निघालेला एक फिरता दिवा पुढच्या खोलीत लावला. बटण दाबलं की लाल उजेड भिंतींवरून गरगरत जातो. नवा पोस्टमन पहिल्या दिवशी खिडकीतून तो प्रकार बघून पत्रं पायरीवर टाकून चालता झाला होता.

मागच्या वेळी याच कचेरीत आम्हाला काय सांगितलं ते आधी सांगायला हवं. बंबावर बसून आगीला गेलेल्यांचे कान कामापायी गेले, हे दलाने मान्य केलं होतं. मग बाबांनीही अर्ज केला. समितीत दोघं होते, एक साहेब आणि एक डॉक्टरबाई. साहेबांनी नियम काढला आणि तो मला वाचून दाखवला. बाबांना नाही, मला. बाबा शेजारीच बसले होते. वर्कशॉपचं काम म्हणजे टेबलावरचं काम, भोंगा वाजतो तो गाडीवर, टेबलावर नव्हे; सबब श्रवणशक्ती गेली ती वयोमानानुसार. "त्यांना सांगा," साहेब शेवटी म्हणाले. सांगायची गरज नव्हती. ओठ वाचण्यात बाबांचा हात धरणारा कुणी नाही.

बाबा जिना उतरून फाटकापाशी आल्यावर थांबले आणि बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "म्हातारपण माझं आहे, ते मी सोसतो. पण यांनी घेतलेलं यांनी त्याच्या नावावर टाकायचं नाही." रस्त्यावरचे चार लोक वळून बघायला लागले. मला बरंच वाटलं, चारचौघांत एकदा बोललं गेलं म्हणून.

त्यानंतर त्यांनी माळ्यावरून हा भोंगा काढला. भंगारात जाता जाता त्यांनीच कधीतरी घरी आणलेला. तेलपाणी केलं, पंखा साफ केला. त्यांचे जुने स्नेही, बंबावरचे ड्रायव्हरकाका, समजूत घालायला आले. आग नसताना भोंगा वाजवायचा नाही हे तूच आम्हाला शिकवायचास, असं त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. बाबांनी ते वाचलं आणि पुसून टाकलं. मी काही विनाकारण वाजवणार नाहीये, म्हणाले.

आत बोलावलं तेव्हा साहेबांनी आम्हाला ओळखलं. शेजारी त्याच डॉक्टरबाई होत्या. साहेब तसे वाईट माणूस नव्हते. खुर्ची दिली, पाणी विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, पुन्हा कशाला त्रास दिलात यांना? नियमात वर्कशॉप बसत नाही. तुम्ही समजावून सांगा ना त्यांना."

"माझ्याशी बोला," बाबा म्हणाले. "तोंड माझ्याकडे करा, मला कळतं."

साहेब गोंधळले. त्यांनी बाबांकडे तोंड केलं आणि तेच वाक्य लहान मुलाला सांगावं तसं तोडून तोडून म्हटलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं. मग मला खूण केली. आईची गाठ सुटेना, शेवटी मी दात लावले. चादर उलगडून फायली आणि पाण्याचा पेला यांच्या मधोमध भोंगा ठेवला. लाल रंग जागोजागी उडालेला, पोटाला खाचा, बाजूला हँडल.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"टेबलावर वाजत नाही म्हणालात, तो," बाबा म्हणाले.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून भोंग्याला टेकवला आणि मूठ कानामागे दाबली. दुसरा हात हँडलवर गेला. मग मला म्हणाले, खिडकी लाव. सवयच ती. मी खिडकीपाशी गेले आणि तिला पाठ लावून उभी राहिले. लावली नाही. आजवर कोंडलं तेवढं पुष्कळ झालं.

आधी आला तो नुसता घुमारा. डॉक्टरबाई किंचित हसल्याही. मग आवाज चढला, आणखी चढला, आणि खोलीत दुसऱ्या कशालाच जागा राहिली नाही. पेल्यातलं पाणी थरथरायला लागलं. माझ्या दातांत झिणझिण्या आल्या. डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांनी कान दाबून मान खाली घातली. शिपाई दार उघडून आत आला आणि आला तसा परत गेला. बाबांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. भोंगा नीट लागलाय हे ते हाडावरून आणि माझ्या तोंडाकडे बघून ओळखत होते. मी मान हलवली. त्यांनी हात थांबवला नाही.

साहेब उभे राहिले. तेही कान दाबूनच काहीतरी ओरडले. बाबांनी त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही. तेवढ्यापुरती मीही त्यांच्यासारखीच झाले होते, ओठांवरूनच मला ते कळलं. 'बंद करा' हे दोन शब्द बाबांना न कळण्यासारखे मुळीच नव्हते. ते फिरवतच राहिले. मला इतका आनंद कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

दमल्यावर त्यांनी हँडल सोडलं. भोंगा एकदम थांबत नाही. रडून रडून दमलेल्या पोरासारखा हळूहळू खाली येतो.

"तुम्ही कान झाकलेत ते बरोबर केलंत," बाबा म्हणाले. "माझे हात मोकळे नसायचे."

साहेबांचा चेहरा लाल झाला होता. सरकारी कचेरीत हा काय तमाशा, मला हे वर कळवावं लागेल, असं ते म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं.

"कळवा ना," बाबा म्हणाले. "टेबलावर ठेवून वाजवला असं लिहा. खोलीत बसवेना, हेही लिहा. खाली सही करा, म्हणजे माझं काम झालं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. डॉक्टरबाई उठून टेबलाला वळसा घालून आल्या आणि बाबांच्या समोर उभ्या राहिल्या. तोडून तोडून नाही, नेहमीसारखंच बोलल्या, फक्त तोंड समोर ठेवून. "मी वयोमान लिहिणार नाही. भोंग्यामुळे, असं लिहीन. पुढे वरचे काय करतील ते माझ्या हातात नाही."

"तुम्ही लिहा," बाबा म्हणाले. "वरच्यांकडेही मी जाईन. भोंगा काही झिजत नाही." मग ते माझ्याकडे वळले आणि आवाज फाटला नाही ना, असं विचारलं. मी नाही म्हटलं. खरंच फाटला नव्हता.

मी खिडकीपासून बाजूला झाले तेव्हा ती उघडी असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. ते रागावतील असं मला वाटलं. ते उठून आले आणि बाहेर बघायला लागले, म्हणून मीही बघितलं.

खालचा रस्ता मधोमध रिकामा होता. बसगाड्या, मोटारी, रिक्षा, सगळ्या दोन्ही कडांना दाबून उभ्या होत्या. एक बाई सायकल हातात धरून गटाराच्या कडेला उभी होती. हातगाडीवाल्याने गाडी फुटपाथवर चढवली होती. भोंगा केव्हाच थांबला होता, तरी कुणी हललं नव्हतं. सगळ्यांच्या माना मागे वळलेल्या होत्या, बंब कुठून येतो ते बघायला.

बाबा कधी बंबावर बसले नव्हते. त्यांनी लावून दिलेले भोंगे रस्त्यात काय करतात हे त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, तेही ऐकू येत होतं तोवर. त्यांनी खिडकीचा गज धरला. तळहाताला हँडलचं तेल लागलेलं होतं.

मागून डोकावत साहेब दारातल्या शिपायाला म्हणाले, "अरे, कुणीतरी खाली जाऊन सांगा त्यांना, गाडी येत नाहीये म्हणून."

बाबांची पाठ त्यांच्याकडे होती. शिपाई धावत जिना उतरला. तो रस्त्यावर पोहोचेपर्यंत वाट तशीच मोकळी होती, आणि बाबा बघत होते.